कातळावरचा आडोसा

मुलीचं लग्न झाल्यापासून तिच्या सासरच्यांनी कुठे कुठे जायला बोलावलं आणि दर वेळी मी काहीतरी कारण काढलं. एकदा नर्मदेकाठी जायचं होतं, तेव्हा गुडघा दुखतोय म्हटलं. एकदा नुसतं संध्याकाळी बागेत फिरायला बोलावलं होतं, तेव्हा पाहुणे येणार आहेत म्हटलं. पाहुणे कुणी आले नाहीत. मग माघात पुन्हा मुलीचा फोन आला. जावयांना रविवारी डोंगर चढायची आवड. त्यांनी पावागडच्या पलीकडे एक लहानशी टेकडी शोधून काढली होती आणि दोन्ही घरांनी मिळून जायचं ठरवलं होतं.

"आई, चढ अगदी थोडा आहे," ती म्हणाली. "वर मोठा कातळ आहे, तिथून सगळा मुलूख दिसतो. म्हातारी माणसंसुद्धा जातात."

"तुम्ही जाऊन या. मी घरी बरी."

  ती हळू आवाजात म्हणाली, "मम्मींना वाटतं तुला आमचं घर आवडलं नाही. परवा मला विचारत होत्या, तुझ्या आईला आमच्यात यायला जड जातं का गं?"

मम्मी म्हणजे तिच्या सासूबाई, माझ्या विहीणबाई. ते लोक आता शहराच्या नव्या भागात, गोत्रीला राहतात, पण मूळ जुन्या बडोद्यातले. घरात पूर्वी राज्याच्या नोकरीतले मोठे अधिकारी होऊन गेलेले. विहीणबाई स्वतः शाळेत शिकवायच्या, आता निवृत्त आहेत. त्या असं स्वच्छ मराठी बोलतात की मी उत्तर द्यायच्या आधी वाक्य मनातल्या मनात दोनदा बोलून बघते. माझं शिक्षण चौथीपर्यंत, खानदेशातल्या गावात, कारण गावात शाळाच चौथीपर्यंत होती. लग्न होऊन बडोद्याला आले. आमचे हे बाजव्याच्या बाजूला रिफायनरीत कामाला होते. सुभानपुऱ्यात घर घेतलं आणि तिथेच माझं आयुष्य गेलं. मी मुळात लाजाळू. चार माणसांत माझा आवाज फुटत नाही. तेव्हा मी कुठे जात नाही याचं कुणाला नवल वाटत नसे.

पण खरं कारण वेगळं होतं. ही मुलगी झाली तेव्हा मी फार अडले होते. तेव्हापासून मला लघवी धरवत नाही. खोकला आला, शिंक आली, भरलेली बादली उचलली, जोरात हसले, की थेंब जातात. कधी थेंबांवर भागत नाही. बाळंतपणानंतर सासूबाईंना सांगितलं होतं. त्या म्हणाल्या, बाईच्या जातीला असं होतंच, त्याचं काय बोलायचं. मग मी बोलले नाही. यांनाही नाही. जुन्या सुती साडीच्या घड्या करून वापरायच्या आणि त्या निराळ्या धुऊन बाथरूमच्या आतल्या दोरीवर वाळत घालायच्या. बाहेर जायचं असलं की आदल्या संध्याकाळपासून पाणी बंद. मुलीच्या लग्नात मी दिवसभर कोरड्या घशाने उभी होते. लोक म्हणाले, लेक चालली म्हणून आईच्या तोंडातून शब्द फुटत नाही.

आता गेले आणि विहीणबाईंच्या समोर साडी भिजली तर माझी शोभा होईलच, पण मुलीला रोज त्याच घरात राहायचंय. नाही गेले तर तिची आई त्यांना परकी मानते हे पक्कं होईल. मी रात्री विचार केला आणि सकाळी फोन करून येते म्हणून सांगितलं.

रविवारी मी गडद निळी, बारीक फुलांची साडी नेसले. ओली झाली तरी दिसू नये म्हणून. मुलीने आणून दिलेले कापडी बूट घातले. चहा घेतला नाही.

"चहाशिवाय तू? आज काय सूर्य मावळतीला उगवला?" हे म्हणाले.

"नको वाटतोय."

व्याह्यांचा पाय मुरगळला होता म्हणून ते घरीच थांबले. जावई गाडी चालवत होते, हे पुढे बसले, आम्ही तिघी मागे. मुलगी मधे. विहीणबाईंनी पंजाबी ड्रेस घातला होता आणि पायात चांगले जाड बूट. हालोलचा रस्ता लागला तशी मुलीने पाण्याची बाटली माझ्यापुढे केली.

"नको," मी म्हटलं. तिने आग्रह केला. पुन्हा नको म्हटलं. तिसऱ्यांदा काय सांगावं सुचेना, तर तोंडातून निघून गेलं, "माझा उपास आहे. पाण्याचासुद्धा."

विहीणबाई वळल्या. "आज? आज कुठला हो उपास?"

मला काही आठवेना. रविवार, तिथी कुठली तेही ठाऊक नाही. "मुलांसाठीचा," मी म्हटलं.

"हिचे उपास पंचांगात नसतात," हे पुढून म्हणाले. "हिचं पंचांग हिच्यापाशीच."

जावई हसले. विहीणबाई हसल्या नाहीत. बाटली त्यांच्याकडे गेली तेव्हा त्यांनी ती परत मुलीच्या हातात दिली. "मग मीही घेत नाही. त्या कोरड्या बसलेल्या आणि मी घोट घेत राहू, बरं दिसत नाही."

"अहो तुम्ही घ्या," मी म्हटलं.

"राहू दे हो. एवढं काय त्यात."

मला आणखीच वाईट वाटलं. माझ्या खोटेपणापायी एक बाई उन्हाची तहानलेली राहणार.

टेकडीच्या पायथ्याशी चारपाच घरं आणि एक चहाची टपरी होती. टपरीवरची बाई मला म्हणाली, "पाणी पीने जजो, बेन. उपर कशुं नथी मळतुं." पाणी पिऊन जा, वर काही मिळत नाही म्हणे. मी नुसती मान हलवली. टपरीच्या मागे पत्र्याची एक खोली होती, कशासाठी ते लगेच कळत होतं, आणि तिच्या दाराला कुलूप होतं. किल्लीवाला लग्नाला गेला होता. मी त्या कुलपाकडे बघितलं. विहीणबाईंनीही बघितलं. पण मला तेव्हा त्यात काही वाटलं नाही.

वाट सागाच्या झाडांतून होती. पानं गळून खाली पडलेली, पाय ठेवला की मोठ्याने वाजायची. मधे मधे पळस फुललेला. चढ खरंच फार नव्हता, पण मला चढ कसा चढायचा हे माझ्या पद्धतीने ठरवावं लागतं. मोठं पाऊल टाकायचं नाही. दोन दगडांमधली उडी घ्यायची नाही. कुणी हात देऊन ओढायला लागलं तर आधीच सावरून उभं राहायचं. जावई, मुलगी आणि हे पुढे गेले. हे जावयांना रिफायनरीतल्या शिफ्टच्या गोष्टी सांगत होते, आवाज झाडांतून मागे येत होता. विहीणबाई माझ्या बरोबरीने चालत होत्या. मला वाटलं, मी मागे पडू नये म्हणून थांबतात बिचाऱ्या.

एका वळणावर धूळ उडाली आणि मला शिंक येणार असं झालं. मी जागच्या जागी उभी राहिले, पाय जवळ घेतले, एका पायावर दुसरा दाबला आणि समोर बघत राहिले.

"काय बघताय?"

"पळस," मी म्हटलं, आणि शिंक दाबली.

"हो, सुरेख आहे," त्या म्हणाल्या आणि त्याही माझ्यासारख्याच उभ्या राहून पळसाकडे बघायला लागल्या. चांगला वेळ आम्ही दोघी त्या एकाच झाडाकडे बघत होतो.

वरच्या टप्प्यात झाडं संपली आणि काळा दगड सुरू झाला. एका ठिकाणी गुडघ्याच्या वर पायरी होती, तिथे जावयांनी हात दिला. मी श्वास धरून चढले. थोडं गेलं. घडी होती म्हणून निभावलं. पण त्यानंतर पोटात अशी कळ बसली की वर पोचेपर्यंत मला दुसरं काही सुचत नव्हतं. पाणी न पिऊनही लघवी येतेच, उलट जळजळते. हे मला माहीत होतं, तरी दर वेळी मी तेच करते.

माथ्यावर मोठा सपाट कातळ. वारा सुटलेला. मुलगी ओरडली, "आई, इकडे ये, बघ तरी." मी गेले, बघितलं, पण दिसलं काहीच नाही. माझी नजर फिरत होती ती एखादं झुडूप, एखादी खळगी कुठे आहे का, याच्यावर. माथा तळहातासारखा उघडा होता. फक्त पलीकडच्या टोकाला माणसाएवढाले दोन दगड एकमेकांना टेकून उभे होते. तिथे एकटीने जायचं तर काय सांगून? आणि मी तिकडे गेल्यावर जावई फोटो काढायला मागून आले तर? मी एका जागी बसले. बसल्यावर अधिकच अवघड झालं, म्हणून उठले. मनात म्हटलं, झालं, आता सगळ्यांसमोर होणार.

तेवढ्यात विहीणबाई माझ्याजवळ आल्या. त्यांचा चेहरा ताठ होता. "विहीणबाई, जरा माझ्याबरोबर त्या दगडांपाशी येता? बोलायचंय."

मला वाटलं, त्यांनी ओळखलं. उपासाचं खोटं, नाहीतर साडीवर काही दिसलं. मी त्यांच्या मागे गेले. दगडांच्या पलीकडे गेल्यावर त्यांनी मागे वळून बघितलं, आणि एवढी वर्षं शाळेत शिकवलेली बाई, माझ्याकडे न बघता म्हणाली, "मला जायचंय हो. मगापासून. आता थांबवत नाही. या दगडांची एक बाजू उघडी आहे. तुमचा पदर जरा धराल?"

  मी पदर सोडला, दोन्ही हातांनी पसरला, एक टोक वाऱ्याने उडायला लागलं ते दगडाच्या फटीत खोचलं, आणि त्यांच्याकडे पाठ करून उभी राहिले.

आमच्या गावात तेव्हा घरात संडास नव्हते. बायका सांजेला मिळून रानात जायच्या. झाडझुडूप नसलं तर एकीने आडोसा धरायचा. त्याची एक रीत होती. आडोसा धरणारीने पाठ करायची आणि बोलत राहायचं. तिने गप्प राहायचं नाही. गप्प राहिली तर बसलेलीला अवघडतं. आणि वाटेने कुणी येत असलं तर बाईचा आवाज ऐकून लांबूनच वळतं. मी लहानपणी पुष्कळदा आडोसा धरला होता, पण बोलणं मात्र मला कधी जमायचं नाही, त्यावरून काकूचे टोले खाल्लेत.

आता बोलायलाच हवं होतं. आणि बोलणार काय, तर समोर जे होतं तेच.

"समोर पावागड दिसतोय," मी म्हटलं. "आपल्या इथून जसा दिसतो तसा नाही, उलटा दिसतोय. म्हणजे त्याची पाठ दिसते. त्याच्या पलीकडे बडोदं असणार, पण तिकडे धुरकट आहे. खाली एक तळं आहे. पाणी उतरलंय, कडेला चिखल. बगळे बसलेत. शेतात कपाशी वेचून झाली, नुसत्या काड्या उभ्या आहेत. तूर कापून ठेवलीय. एक बाई म्हैस घेऊन चाललीय, आणि ती म्हैस काही तिचं ऐकत नाही."

मी थांबले.

"थांबू नका हो," मागून आवाज आला. "म्हशीचं काय झालं?"

"म्हैस तळ्यात शिरली. बाई काठावर उभी राहून तिला शिव्या देतेय बहुतेक, हात हलवतेय. आता बाई खाली बसली. म्हणाली असेल, बस बाई, तुझं होईपर्यंत मी पण बसते."

मागून हसू आलं. मग त्या म्हणाल्या, "आजची नाही ही कटकट. पाळी गेल्यापासून. आली की आलीच, दारापर्यंत पोचायचाही दम निघत नाही. कुठे जायचं म्हटलं की आधी मी सोय कुठे आहे ते बघते. त्या बागेत तुम्हाला बोलावलं होतं ना, तिथे फाटकापाशीच स्वच्छ सोय आहे. म्हणून ती बाग."

मी पदर धरून उभी होते. मला वाटलं आपण काहीतरी चुकीचं ऐकतोय.

"आज सकाळपासून पाणी टाळलं होतं," त्या सांगत होत्या. "कुणी बाटली पुढे केली तर काय सांगायचं, याच विचारात होते. तुम्ही उपास म्हणालात आणि माझी सुटका झाली."

"माझा उपास नव्हता," मी म्हटलं.

"ते कळलं. तुमच्या यजमानांनी पंचांग काढलं तेव्हाच."

त्या उठून पुढे आल्या. मी पदर खांद्यावर घेतला. आता त्यांना सांगायचं होतं, आणि इतकी वर्षं कुणालाच न सांगितलेली गोष्ट कुठून सुरू करतात ते मला येत नव्हतं. "मलाही," एवढंच म्हटलं. मग थोडं थांबून, "मला तर हसलं तरी."

त्यांनी माझ्याकडे बघितलं.  गळ्यातली ओढणी काढली, झटकली, दोन्ही हात लांब केले आणि पाठ फिरवली. "बसा निवांत. माझी ओढणी आखूड आहे, पण मी रुंद आहे."

मी बसले. काय सांगू, त्या क्षणी अंगातून सगळा डोंगर उतरला. डोळ्यांत पाणी आलं ते दुःखाने नाही.

त्या बाहेर बघत बोलत होत्या, वर्गात बोलतात तशा, खणखणीत. "आमच्या शाळेत बायकांसाठी वेगळी सोय नव्हती बरं का. सकाळच्या घंटेपासून शेवटच्या घंटेपर्यंत आम्ही सगळ्या मास्तरणी तशाच. पोरं म्हणायची, बाई कडक आहेत. कडक कसल्या, बाईंना घरी जायची घाई."

तेवढ्यात जावयांचा आवाज आला. "मम्मी, कुठे आहात? ग्रुप फोटो काढायचाय."

"तिथेच थांबा सगळे," त्या अशा म्हणाल्या की मीही बसल्या जागी दचकले. "एकानेही इकडे यायचं नाही. आम्ही नजारा बघतोय."

"इथूनही दिसतो की."

"इथून वेगळा दिसतो."

आम्ही परत गेलो तेव्हा हे माझ्याकडे विचित्र बघत होते. मी सरळ मुलीच्या पिशवीतून बाटली घेतली आणि पाणी प्यायले. गटागट नाही, पण भरपूर. मग बाटली विहीणबाईंना दिली.

"उपास सुटला वाटतं," हे म्हणाले.

"सुटला," विहीणबाई म्हणाल्या. "हा वर येऊन सोडायचा असतो."

"मुलांसाठीचा ना?"

"आयांसाठीचा."

 थेपले आणि लीलो चेवडो, म्हणजे आमच्या बडोद्याचा ओला चिवडा, निघाला. आम्ही सगळे कातळावर गोल बसून खाल्लं. मला तेव्हा कळलं की दगड उन्हाने कोमट झालाय, वाऱ्याला सुकल्या गवताचा वास आहे, आणि म्हैस अजून तळ्यातच आहे. मी मुलीला ती दाखवली. ती म्हणाली, आई, तुला एवढ्या लांबचं दिसतं?

उतरणं माझ्यासाठी चढण्याहून वाईट असतं. प्रत्येक पावलाला धक्का बसतो. पण आता मी ते सांगू शकत होते. "मी सावकाश येणार," मी म्हटलं. विहीणबाई म्हणाल्या, "मीही." बाकीचे पुढे गेले. एका घसरड्या जागी त्यांचा पाय सरकला आणि त्या सागाच्या पानांवर हळूच खाली बसल्या, जणू कुणी खुर्ची दिलीय. लागलं नाही. मी हात द्यायला वाकले तर त्या माझ्या साडीला धरून उठायला लागल्या, आणि मीही खाली. दोघी पानांत बसलेल्या. त्या हसायला लागल्या. मी आधी दाबून धरलं, सवयीने. मग धरवेना. गेले थेंब. गेले ते गेले. मी हसत राहिले. त्यांनी विचारलं, "गेलं?" मी मान हलवली, आणि त्या म्हणाल्या, "माझंही," आणि मग उठायचं आमच्या कुणाच्यानेच होईना.

मुलगी धावत वर आली. घाबरली होती. "काय झालं? पडलात?" आम्हाला असं बघून ती तिथेच उभी राहिली. माझ्याकडे, मग सासूकडे, मग परत माझ्याकडे. "आई, तू एवढी हसतेयस? कशाला?"

"तुझ्या सासूला विचार."

"आमचं आमच्यात आहे," विहीणबाई म्हणाल्या. "तू पुढे हो. आणि त्या दोघांना सांग, बायका येतायत, घाई करू नका."

ती गेली. जाताना तिची चाल बघितली. लग्नानंतर माझ्यासमोर ती दर वेळी जरा आखडून असायची, दोन घरांच्या मधे उभी असल्यासारखी. ते तेव्हा नव्हतं. पोरगी खाली उड्या मारत गेली.

पुढच्याच आठवड्यात विहीणबाईंचा फोन आला. त्यांनी एका लेडी डॉक्टरची वेळ घेतली होती. "तुम्ही आला नाहीत तर मी वर्षभर आणखी टाळेन," त्या म्हणाल्या. रिक्षातून जाताना मला परत लाज वाटायला लागली होती. वाटत होतं, डॉक्टर म्हणतील एवढ्याशा गोष्टीसाठी आलात. तसं काही त्या म्हणाल्या नाहीत. नंतर त्यांनी व्यायाम शिकवले, बसल्या जागी, कुणाला न कळता करायचे. पाणी बंद करायचं नाही असं बजावलं. आता पुष्कळ कमी आहे. सगळं गेलंय असं नाही, पण मी घडी न ठेवता भाजीला जाऊन येते.

पण त्या दिवशी आत गेल्या गेल्या डॉक्टरांनी आम्हा दोघींकडे बघून विचारलं, "पेशंट कोण?" विहीणबाई एरवी कुणाला बोलायची पाळी येऊ देत नाहीत, त्यांनी घसा खाकरला आणि त्या टेबलावरच्या काचेकडे बघत राहिल्या.  डॉक्टर वाट बघत होत्या.

"दोघी," मी म्हटलं, आणि पुढची खुर्ची ओढून आधी मी बसले.